१९७४ ची डॉज डार्ट रोज वापरायला घ्यायची, तर टेस्ट ड्राइव्ह कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ओहायोत कोलंबसला राहता. तिथल्याच डब्लिन उपनगरातून पोलॅरिसला ऑफिसला रोज जाऊन-येऊन चोवीसेक मैल होतात. घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि एक अलीकडची गाडीही आहे. जवळच्या गावात एका कुटुंबाकडे आजोबांची १९७४ ची चार दारांची डॉज डार्ट विकायला आहे. स्लँट सिक्स इंजिन, ऑटोमॅटिक गियर, मीटरवर ४१ हजार मैल, मागणी साडेसहा हजार डॉलर. तुम्ही दहा मिनिटं चालवून पाहिलीत, लोण्यासारखी चालली. आता पुन्हा जाणार आहात आणि काय बघायचं ते विचारताय.

या गाड्यांवर मी सव्वीस वर्षं हात काळे केलेत, तेही इथे ओहायोतच. त्याआधीचं नातं वडिलांकडून आलं. ते कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते. वालचंद हिराचंदांचा तो कारखाना सुरुवातीला क्रायस्लरच्याच गाड्या जुळवायचा, डॉज, प्लायमथ, डिसोटो. त्यामुळे डॉज हे नाव आमच्या घरी मी बोलायला लागायच्या आधीपासून होतं. डार्टवर माझा जीव आहे हे आधीच सांगून ठेवतो. म्हणूनच तुम्ही चुकीची डार्ट घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तुमची दहा मिनिटांची चक्कर बाजूला ठेवा. गरम करून ठेवलेल्या इंजिनावर, मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं कुठलीही डार्ट छानच चालते. तुम्हाला ही गाडी ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पावसात, दोनशे सत्तर नंबरच्या हायवेच्या गर्दीतून घरी आणेल का, हे कळायला हवं. त्यासाठी टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रोजच्या प्रवासासारखीच हवी: थंड इंजिनावर सुरुवात, हायवे, सिग्नल, गाडी बंद करून थांबणं आणि गरम इंजिनावर पुन्हा सुरू करणं. निदान एक तास हाताशी ठेवा.

पण त्याही आधी गाडीखाली जा.

डार्टला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो. पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ घेणारे लांब पोलादी दांडे. ते पुढच्या चाकांपासून मागे येतात आणि पुढच्या सीटखालच्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेले असतात. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन त्या क्रॉसमेंबरच्या खोबणीवर पेललेलं असतं. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, आणि ते नेमकं त्या पोकळीत जाऊन बसतं. तिथला पत्रा सडला तर बाहेरून काहीच दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा बार वर गाडीच्या तळाच्या पत्र्यात घुसायला लागलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं नुकतीच घेतलेली डार्ट घेऊन आलं. निळा रंग आरशासारखा, आतलं कापड नवं, खाली काळं कोटिंग ताजं फवारलेलं. त्या ताज्या काळ्या रंगानेच माझ्या पोटात गोळा आला. लिफ्टवर चढवली आणि क्रॉसमेंबरवर जाड पेचकसाच्या मुठीने ठोकत गेलो. डावीकडे टणटण आवाज आला. उजवीकडे आवाज बसका झाला, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. पेचकसाचं टोक टेकवून जरा दाबलं तर बोटाच्या दोन पेरांइतकं आत गेलं आणि कोटिंगचं साल खाली लोंबायला लागलं. आतून चहाच्या पावडरीसारखा गंज हातावर सांडला. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीइतका होता.

म्हणून विकणाऱ्या कुटुंबाला आधीच विचारा, जवळच्या गॅरेजमध्ये अर्धा तास लिफ्टवर घेऊ द्याल का. भाडं तुम्ही द्या. आजोबांची गाडी चांगल्या घरी जावी असं वाटणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. चार जागा ठोकून बघा: तो क्रॉसमेंबर, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाचा हँगर, डिक्कीखालचे दोन्ही रेल आणि दारांखालचे सिल. मग आत बसून पुढचं कारपेट उचला. पाय ठेवायची जागा ओली असेल तर बोट लावून वास घ्या. गोडसर आणि चिकट असेल तर हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. ते काम कटकटीचं आहे, पण होणारं आहे. नुसतं पाणी असेल तर विंडशील्डखालची पोकळी, म्हणजे काउल, सडलेली असू शकते. ती दुरुस्त करायला गाडीचा पुढचा भाग उसवावा लागतो. फेंडरला आणि मागच्या चाकांवरच्या कमानीला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावत फिरा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी या वयाला चालते. खालचा सांगाडा सडला असेल तर मात्र गाडी चालवूनही बघू नका, आभार मानून निघा. इंजिन, गियर, ब्रेक सगळं डार्टमध्ये स्वस्तात होतं, सांगाडा होत नाही.

खालून घट्ट निघाली तर पुढे.

थंड इंजिनाचा आग्रह सोडू नका. गेल्यागेल्या बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणा. थंड असेल तर पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडा, त्याने चोक बसतो, आणि मग किल्ली फिरवा. क्रायस्लरच्या त्या काळच्या सेल्फचा आवाज वेगळा आहे, गियरमधून फिरणारा, गुणगुणल्यासारखा. इथले लोक त्याला डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कची हमिंगबर्ड म्हणतात. दोन-चार सेकंदांत इंजिन पकडायला हवं. सुरुवातीला ते वरच्या आयडलवर राहील. मिनिटभराने पेडलला हलकी टिचकी मारली की खाली यायला हवं. कुणाला तरी मागे उभं करा. थंडीत पांढरी वाफ येणारच. निळा धूर भपकन येऊन विरला तर व्हॉल्व्हची सील जुनी झालीत, त्यावर भाव कमी करून घ्या. निळा धूर येतच राहिला तर इंजिन उघडावं लागेल.

किल्ली फिरवताना इंजिन पकडलं आणि किल्ली सोडताच मेलं, असं दोनदा झालं तर घाबरू नका. फायरवॉलवर पांढऱ्या चिनीमातीच्या कांडीसारखा बॅलास्ट रेझिस्टर असतो, तो जळलाय. सेल्फ मारताना करंट त्याला वळसा घालून इग्निशनला मिळतो, किल्ली परत आली की त्याच्यातून जातो, म्हणून हे असं होतं. स्क्रू आणि चार पिना, पाच मिनिटांचं काम. जाणते डार्टवाले एक नवा रेझिस्टर ग्लव्हबॉक्समध्ये ठेवतात. आजोबांच्या ग्लव्हबॉक्समध्ये तो सापडला तर मी गाडीला लगेच दोन गुण जास्त देईन. याचा अर्थ गाडी समजून वापरणारा माणूस होता.

सेल्फच लागत नसेल तर आधी सीटबेल्ट लावून बघा. १९७४ च्या मॉडेलला सरकारने सक्ती केली होती की पुढचे बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ती सक्ती काढून टाकली. बहुतेक गाड्यांतली ती यंत्रणा केव्हाच तोडलेली असते, पण काहींत तिच्या अर्धवट कापलेल्या वायरी अजून त्रास देतात.

आता इंजिनाचा आवाज. स्लँट सिक्स म्हणजे २२५ घन इंचांचं, ३.७ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, उजवीकडे तीस अंशांत कललेलं. या देशात बनलेल्या सगळ्यात चिवट इंजिनांपैकी हे एक. त्याची टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, हाताने सेट करायची असतात, इंजिन गरम असताना इनटेकला दहा थाऊ आणि एक्झॉस्टला वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्यामुळे बारीक टिकटिक, शिवणयंत्रासारखी, ही त्याची तब्येत चांगली असल्याची खूण आहे. नवखे लोक इथे हमखास फसतात. एकदम मुकं इंजिन मिळालं की खूश होतात, आणि कुणीतरी आवाज घालवायला टॅपेट आवळून ठेवलेली असतात. अशाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि जळतात. आयडलवर सायलेन्सरच्या तोंडासमोर हात धरा. वारा एकसारखा यायला हवा. मधूनमधून फुसका पडत असेल, मिसिंग जाणवत असेल, तर कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. थंड असताना मॅनिफोल्डकडून फटफट आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर थांबत असेल तर तिथे तडा आहे. या इंजिनात ते नेहमीचंच.

गाडी निघाली. आपल्या जुन्या पद्मिनी टॅक्सीसारखाच गियरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर असतो. रिव्हर्समध्ये आणि ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडीने क्षणात गियर धरायला हवा. दोन-तीन सेकंद लागले किंवा मोठा झटका बसला तर नोंद करा. हलक्या पायाने ताशी पंचवीस मैलांच्या आत गाडी तिसऱ्यात जायला हवी, आणि गियर पडल्याचं जेमतेम कळायला हवं. गियर उशिरा पडत असतील किंवा मधे इंजिन मोकळं फिरत असेल तर आधी कार्बोरेटरपासून गियरबॉक्सकडे जाणारा थ्रॉटलचा दांडा बघा. तो नीट जोडलेला नसेल तर गियरबॉक्सला आतून पुरेसा दाब मिळत नाही आणि चांगला क्लच जळतो. कार्बोरेटर बदलताना तो दांडा तसाच लोंबता सोडणारे मेकॅनिक मी कितीतरी पाहिलेत. फ्लुइड बघताना गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, दांडा न्यूट्रलला. पार्कमध्ये बघू नका, या गियरबॉक्समध्ये आकडा चुकतो. फ्लुइड लाल असावं. तपकिरी आणि जळका वास असेल तर भाव पाडा किंवा सोडा.

मग ब्रेक, आणि इथे मला तुमच्याशी जरा कडक बोलायचंय. पहिल्यांदा विचारा, पुढे डिस्क आहेत की ड्रम. १९७४ ला सिक्सच्या डार्टवर डिस्क वेगळे पैसे देऊन घ्यावे लागायचे. चारही ड्रम असतील तर गाडी थांबते, पण तुमच्या दुसऱ्या गाडीसारखी नाही. पाण्याच्या डबक्यातून गेल्यावर पहिला ब्रेक कमी लागतो आणि एकाच बाजूला लागू शकतो. रिकाम्या पार्किंगमध्ये तीस मैलांवरून, स्टीअरिंगवर बोटं नुसती टेकवून, ब्रेक दाबत जा. गाडी ओढते का बघा. पाच-सहा वेळा लागोपाठ करा, शेवटच्या वेळी पेडल किती खाली जातं ते लक्षात ठेवा. मग सिग्नलला पेडल मिनिटभर धरून ठेवा. पायाखाली हळूहळू बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गेलाय. १९७४ च्या गाडीला दुहेरी ब्रेक सर्किट आहे, एक गेलं तरी दुसरं उरतं, एवढा आधार आहे. चाकं लॉक होऊ नयेत यासाठीची यंत्रणा नाही, एअरबॅग नाही. समोरच्या गाडीपासून तुम्ही आज जेवढं अंतर ठेवता त्याच्या दुप्पट ठेवायची सवय लावावी लागेल. दोनशे सत्तरवर त्या फटीत दुसरा घुसतो. तरीही ठेवायचं.

स्टीअरिंग पॉवरचं असेल तर इतकं हलकं असतं की रस्ता हाताला कळत नाही. साधं असेल तर पार्किंगला पाच पेक्षा जास्त वेळा गरगर फिरवावं लागतं. सरळ रस्त्यावर इंचभर प्ले ठीक आहे. सतत डावीकडे-उजवीकडे सावरत बसावं लागत असेल तर बुश, बॉलजॉइंट, स्टीअरिंगबॉक्स यांपैकी काहीतरी झिजलंय. पण आधी टायरची तारीख वाचा. बाजूवर डीओटी या इंग्रजी अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कमी चाललेल्या आजोबांच्या गाड्यांवर नक्षी भरपूर असलेले आणि पंधरा वर्षांचे टायर असतात. दहा वर्षं उलटली असतील तर त्या टायरवर हायवेला जाऊच नका. टेस्ट ड्राइव्हसुद्धा गावातच करा.

टायर धड असतील तर दोनशे सत्तरवर चढा. इंजिनात जेमतेम शंभर हॉर्सपॉवर आहेत, साठ मैलांना पोचायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. रॅम्पवर पेडल तळापर्यंत दाबा, गाडी खालच्या गियरमध्ये उतरायला हवी. पासष्टला दहा मिनिटं स्थिर ठेवा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन सावकाश फिरवणारा वरचा गियर, नाही, त्यामुळे इंजिन अडीच-पावणेतीन हजारांवर फिरत राहील. आवाज असतो, पण तो तिला सोसतो. तापमानाचा काटा मधे येऊन थांबायला हवा. तो आणि पेट्रोलचा काटा दोन्ही एकदमच वर-खाली करत असतील तर गाडी तापत नाही, मीटरमागचा छोटा व्होल्टेज लिमिटर बिघडलाय. अॅमीटरकडे, म्हणजे चार्जिंगचा करंट दाखवणाऱ्या काट्याकडे, मात्र नीट बघा. या गाडीत चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डमधून, त्या अॅमीटरमधून, जातो. वाटेत फायरवॉलवरच्या मोठ्या प्लास्टिक कनेक्टरमधून त्याला जावं लागतं. पन्नास वर्षांत तिथल्या पिना गंजतात, तापतात आणि प्लास्टिक वितळतं. हेडलाइट, वायपर, हीटर सगळं एकदम लावा आणि काटा बघा. परत आल्यावर बॉनेट उघडून त्या कनेक्टरला हात लावा. चटका बसला किंवा प्लास्टिक काळं पडलेलं दिसलं तर रोज वापरण्याआधी तिथलं वायरिंग नवं करा. रोजच्या गाडीत हे काम पुढे ढकलू नका, आग लागते ती इथूनच.

हायवेवरून उतरलात की गाडी बंद करा आणि वीस मिनिटं थांबा. कॉफी घ्या, त्या कुटुंबाला आजोबांबद्दल विचारा. या वेळात इंजिनाची धग वर चढते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे जास्त होतं. ऑफिस सुटल्यावर वाटेत दुकानात थांबलात की तुमचं हेच होणार आहे. पेडल तळाला धरून ठेवा, पंप करू नका, सेल्फ मारा. पाच-सहा सेकंदांत सुरू झाली तर पास. याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून बघा. चिरा दिसल्या तर सगळ्या बदला, खर्च थोडा आहे.

मीटरच्या ४१ हजारांवर विश्वास ठेवू नका, त्याला पाचच आकडे आहेत. एक लाख एक्केचाळीस हजारही असू शकतात. ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या बाजूचा आर्मरेस्ट खरं सांगतील. आणि खरं सांगायचं तर नियमित चाललेल्या आणि नीट सांभाळलेल्या लाखभर मैलांच्या डार्टला मी गोदामात झोपलेल्या ४१ हजारांच्या डार्टपेक्षा जास्त पैसे देईन. रेडिओ, एसी, घड्याळ यांच्याकडे दुर्लक्ष करा.

कागदांचं थोडक्यात. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर हवं. मूळ मालक वारले असतील तर ते वारसांच्या नावे झालंय ना ते आधी बघा. ओहायोत सही नोटरीसमोर लागते. हिस्टॉरिकल नंबरप्लेटचा मोह टाळा, ती प्रदर्शनं आणि परेडसाठी आहे, रोजच्या वापराला चालत नाही. साधी प्लेट घ्या. विम्याचंही तसंच. क्लासिक गाड्यांचा स्वस्त विमा बहुधा ऑफिसला जायला परवानगी देत नाही. फोनवर स्पष्ट सांगा की मी रोज चोवीस मैल चालवणार आहे, आणि उत्तर लेखी घ्या.

मुलाचं शेवटी लिहितोय, पण माझ्यासाठी ते सगळ्यात आधी आहे. मागच्या सीटला फक्त कमरेचे पट्टे आहेत. चाइल्ड सीट अडकवायचे आजचे हुक नाहीत. मुलगा थोडा मोठा होऊन बूस्टरवर बसेल तेव्हा खांद्याचा पट्टा लागतोच, आणि तो इथे नाही. त्याला शाळेत सोडायला दुसरी गाडी वापरा. ही फक्त तुमची.

मग घ्यावी का? खालून घट्ट असेल, ब्रेक तुम्हाला पटले असतील आणि गरम इंजिनावर सुरू झाली असेल तर साडेसहा हजारांत घ्या. वर दीड-दोन हजार टायर, नळ्या, वायरिंग आणि ब्रेकसाठी बाजूला ठेवा. पहिले तीन महिने पर्यायी गाडी हाताशी ठेवून चालवा. गॅलनला सतरा-अठरा मैल धरून चला. तीन हजार मैलांनी ऑइल, वर्षातून एकदा टॅपेट. इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग अजून दुकानात मिळतात. चार दारांच्या मॉडेलचं क्रोम आणि दारांची रबरं मात्र शोधावी लागतात, म्हणून आहेत ती जपा. आणि रस्त्यावर पहिलं मीठ पडलं की तिला आत ठेवा, एप्रिलच्या दोन-चार मोठ्या पावसांनी रस्ते धुऊन निघेपर्यंत. याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

शनिवारी सकाळी जाणार असाल तर त्या कुटुंबाला शुक्रवारी रात्रीच फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि सोबत जुनी चादर न्या, खाली झोपायला लागेल.